कोरी करकरीत सीट

गाड्या धुणाऱ्या बादलीकाकांना आमच्या इमारतीत फक्त एका स्वच्छ वस्तूचा राग होता. शाळेत गतीचे नियम शिकवणाऱ्या मास्तरांच्या गाडीत मागे लेकीसाठी घेतलेली, पट्टे बांधून बसवायची सुरक्षा-सीट वर्षभर प्लॅस्टिकमध्येच होती. बिस्किटांचा चुरा मात्र रोज पुढे, मास्तरीणबाईंच्या पायाशी सापडायचा.

"पोर मांडीवरच बसते ना?" काकांनी एकदा विचारलंच.

"अहो, महागाची सीट. खराब होईल," मास्तर म्हणाले.

काकांचं टाळकं सरकलं. "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!" म्हणत त्यांनी प्लॅस्टिक टराटरा फाडलं.

"सीट मळली तर मला हाक मारा, पाच मिनिटांत धुऊन देतो. पोरीला काही झालं, तर कोणाला हाक मारणार?"