मामांचा हात, माझे कान

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा आमच्या निमगाव सावाच्या घरी एक जुनी मोटार आली. नवरा चाकणला कारखान्यात होता, सुट्टीपुरता घरी यायचा. मी कळंबच्या शाळेत शिकवत होते आणि दोन एसट्या बदलून जाण्या-येण्यातच माझा जीव मेटाकुटीला यायचा. म्हणून त्याने ओळखीतल्या एकाकडून ती गाडी घेतली, माळावर नेऊन मला चालवायला शिकवली आणि किल्ली माझ्या हातात दिली.

गाडी एरवी बरी चालायची. पण थांबल्यावर पुन्हा काढताना ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन क्षणभर गप्प व्हायचं आणि मग हिसका देऊन सुटायचं. गावातल्या रस्त्यावर त्याचं काही वाटत नसे. एका सकाळी मात्र कळंबला पुणे-नाशिक रस्ता ओलांडताना ती बरोबर मधोमध अडखळली. ट्रकवाल्याने करकचून ब्रेक दाबला म्हणून मी वाचले.

नवऱ्याने सुट्टीच्या दिवशी हे ऐकलं आणि म्हणाला, "विकून टाकू. तू आपली एसटीनंच जा." तो घाबरला होता, त्याचं चुकत नव्हतं. मी मान डोलावली, पण चेहरा पडला असणार.

सासरे ओट्यावर बसून आमच्याकडे बघत होते. मी त्यांना मामा म्हणायची. त्यांचं आयुष्य गॅरेजात इंजिनं दुरुस्त करण्यात गेलं होतं. म्हातारपणी कानांनी साथ सोडली, तेव्हा "आवाज येत न्हाई तर शेटिंग काय करनार," म्हणून त्यांनी पाने-पकडी पेटीत घालून पेटी माळ्यावर टाकली होती. मी त्यांच्या कानाशी जाऊन काय झालं ते मोठ्याने सांगितलं. ते ऐकून ते नवऱ्याला म्हणाले, "पेटी काढ खाली."

इंजिन बंद ठेवून त्यांनी एअर फिल्टर उतरवला आणि मला ॲक्सिलरेटर दाबायला सांगून, हवा आणि पेट्रोल जिथं मिसळतं त्या कार्बोरेटरच्या तोंडात डोकावले.

"दाबलं की पेट्रोलची धार पडाया पायजे. हितं नुसतं ठिबकतंय."

ती धार मारणाऱ्या छोट्या पंपातला रबरी पडदा वाळून चिरला होता. नवरा मोटारसायकलवर ओतूरला जाऊन नवीन घेऊन आला. तोवर मामांनी कार्बोरेटरची बारीक छिद्रं पेट्रोलने धुऊन, फुंकर मारून मोकळी केली होती.

सगळं जोडून झाल्यावर इंजिन तापू दिलं. आता हवा आणि पेट्रोल यांचा मेळ स्क्रूने बसवायचा होता आणि ते काम कानाचं. इंजिनची थरथर हाताला कळावी म्हणून मामांनी एक तळवा मडगार्डवर ठेवला, दुसऱ्या हातात स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि मला जवळ बोलावलं.

"तू ऐक. आवाज एकसारखा झाला की बोट वर कर."

"मला काय कळतंय मामा त्यातलं?" मी ओरडून विचारलं.

"वर्गात कंचं पोर गडबड करतंय ते पाठ फिरवून कळतं ना? मग हे बी कळंल."

स्क्रू आत गेला की इंजिन लटपटायचं, बाहेर आला की आवाज जड व्हायचा आणि पेट्रोलचा वास सुटायचा. "झालं की," नवरा मधेच म्हणाला. मामांना ते ऐकू गेलं नाही. त्यांचे डोळे माझ्या बोटावर होते. मधेच कुठेतरी आवाज मऊ, सलग झाला आणि मी बोट वर केलं. त्यांनी तळवा थोडा दाबून धरला आणि होकारार्थी मान हलवली. खात्रीसाठी स्क्रू मुद्दाम पुढे नेला, परत आणला. माझं बोट पुन्हा तिथंच वर गेलं.

मग मला गाडी चालवायला बसवून ते माझ्या शेजारी येऊन बसले. गावाबाहेरच्या चढावर त्यांनी गाडी थांबवायला लावली आणि परत काढायला सांगितली. मी भीतभीत ॲक्सिलरेटर दाबला. जराही न अडखळता गाडी वर चढली.

"ओढती," मामा म्हणाले. "आता इकायचं नाव काढू नका म्हनावं."

गाडी पुढे बरीच वर्षं माझ्याकडे राहिली. त्या गाडीने मला वेळेवर शाळेत पोचवलं, सासूबाईंना डोळ्याच्या ऑपरेशनला नेलं. पण मामांचे उपकार मला वेगळ्याच कारणासाठी आठवतात. घरात माझ्यावर माया सगळ्यांचीच होती, पण एखादी गोष्ट बरोबर आहे की नाही हे माझ्यावर सोडून कुणी काम केलं नव्हतं. ते त्यांनी केलं, आणि त्यांचंही बंद पडलेलं काम त्या दिवशी पुन्हा सुरू झालं. पेटी माळ्यावर गेली नाही. सुट्टीच्या दिवशी कुणी ना कुणी जुनी जीप, जुनी मोटार दारात आणून लावायचा. मी आत कामात असले तर मामा गाडीवाल्याला ओट्यावर बसवून चहा द्यायला सांगायचे.

"दम धरा पावणं. सून कणीक मळतीया. ती आल्याबिगार इंजिन चालू करू नगा."