दुभाषी मावशीचं मानधन

हिशेबाच्या बाबतीत माझ्या नादी सहसा कुणी लागत नाही. शहाद्याजवळ तापीकाठच्या गावात शेतकऱ्याच्या घरी वाढले, कापसाच्या काट्यापाशी वडिलांच्या शेजारी उभी राहून व्यापाऱ्यांशी भांडले. त्यामुळे नंदुरबारला प्रशिक्षणाला यायचं पत्र मिळालं तेव्हा मी नाक मुरडलं. आमचं केंद्र छोटं. मारहाण झालेल्या, घरातून हाकललेल्या बायकांना आधार द्यायचा, दवाखान्यात आणि कोर्टात सोबत करायची, आणि त्यासाठी आलेलं सरकारी अनुदान नीट खर्च करून दाखवायचं. ते मी करतच होते. आता मला आणखी काय शिकवणार?

मिरचीचा हंगाम होता. गावाबाहेर पथाऱ्यांवर मिरची वाळत पडली होती आणि वारा आमच्याच दिशेने होता. आम्हाला त्याचं काही वाटत नाही. पुण्याहून आलेले प्रशिक्षक मात्र पडद्यावर नवीन चित्र आलं की शिंकत होते. बिचारे रुमाल नाकाला लावून लेखाशीर्ष म्हणजे काय, उपयोगिता प्रमाणपत्र कसं भरायचं, हे समजावत होते. त्यांच्या प्रत्येक वाक्यात 'लाभार्थी' हा शब्द होता. जिचा हात मोडला, तिला कसला आलाय लाभ? मी वहीच्या कोपऱ्यात वेलबुट्टी काढत बसले.

मग आमच्याच केंद्राचा जमाखर्च पडद्यावर आला. दुभाष्याचं मानधन, खर्च शून्य. मला तर त्याचं कौतुक होईल असं वाटलं होतं. पावरा आदिवासींची पावरी बोली कोर्टाला समजावून सांगणारी आमची दुभाषी मावशी एकही तारीख चुकवत नव्हती आणि मानधन घेत नव्हती. सरकारचा पैसा वाचला म्हणून मी मनातल्या मनात मिरवत होते.

"शून्य खर्च म्हणजे शून्य गरज," सर म्हणाले. "मार्चनंतर हे खर्चाचं शीर्ष बंद होईल. शीर्ष बंद झालं की नेमणूकही बंद."

मी उठून उभी राहिले. "गरज नाही कशी, सर? एप्रिलमध्ये आमच्या एका बाईची साक्ष आहे. तिला पावरी सोडून दुसरी भाषा येत नाही."

"मी तुमच्यावर विश्वास ठेवतो, ताई. फाईल ठेवणार नाही."

मला भयंकर राग आला. पण माणूस खरं बोलत होता, त्याला मी काय करणार?

एप्रिलमध्ये साक्ष असलेली ही बाई तोरणमाळच्या खालच्या एका पाड्यावरची. गावात दोन गुरं मेली आणि तिला डाकीण ठरवलं. दिराने आणि त्याच्या सोबत्यांनी तिला मारलं, हात मोडला, घराबाहेर काढलं. तेव्हापासून ती शहाद्यात बहिणीकडे राहत होती. एवढ्या दिवसांत तिचं म्हणणं तिच्या भाषेत कुणी नीट ऐकलं असेल तर ते मावशीने. मावशीच्या जागी अर्धवट पावरी समजणारा कुणी उभा केला असता, तर साक्ष तिची आणि शब्द त्याचे झाले असते. मग तो दीर मिशीला पीळ देत घरी गेला असता.

जेवणाच्या सुट्टीत मी सरांना गाठलं. या वर्षी केलेल्या कामाचं मानधन आत्ता देता येईल का?

"हजेरी आहे ना? मग मार्चअखेरपर्यंत खुशाल द्या," ते म्हणाले आणि पुन्हा शिंकले. त्यानंतरचं प्रशिक्षण मी कान देऊन ऐकलं. कुठला कागद कशाला जोडायचा, ते सगळं उतरवून घेतलं. वेलबुट्टी बंद.

हजेरी होती, मावशीचं बँकेत खातं होतं. फक्त मावशीने हो म्हणायला हवं होतं, आणि तीच खरी चढण होती. मी शहाद्याहून जीपने तिच्या पाड्यावर गेले. मावशी अंगणात मोहाची फुलं पसरत होती. तरुणपणी शहाद्याच्या बाजारात डिंक, चारोळी विकता विकता ती अहिराणी शिकली, म्हणून आमचं बोलणं अहिराणीतच.

"बोलाना बी कोनी पैसा लेस का?" ती हसली.

मी सगळं सांगितलं. ती हात थांबवून ऐकत होती. मग तिने मला तिच्या पाड्याची रीत सांगितली. पंच बसले की दुसऱ्यासाठी बोलणारा माणूस निकाल लागेपर्यंत दोन्हीपैकी कुठल्याच घरचं पाणीसुद्धा पीत नाही. प्यायला, तर त्याच्या बोलण्याला किंमत उरत नाही.

"पैसा लिधा ते मन्हं बोलनं कोन खरं मानी, बेटा?"

आता कळलं. मी इतके दिवस तिला भोळी समजत होते, आणि ती आपल्या शब्दाला जपत होती. तिची रीत बरोबरच होती. पण सरकारच्या कागदाला ती कशी कळणार?

"मावशी, हाई पानी त्या बाईना घरनं नही, तिना देरना घरनं बी नही," मी म्हणाले. "सरकारना घरनं शे. आनि तू नही लिधं ते तुन्ही जागा बंद हुई. तुन्हा मांगे दुसरी कोनी येवाव नही."

मावशीने फुलं चाळून काडीकचरा वेगळा केला. मग म्हणाली, "लेसू. पन दपाडसू नही. कोनी पुसं ते भर कोर्टात सांगसू."

विरुद्ध बाजूचा वकील अशा गोष्टीची वाटच बघत असतो. पण लपवायला लावलं तर तिची रीत मोडली असती आणि माझा हिशेबही खोटा ठरला असता. मी म्हणाले, "सांग."

मानधन मार्चच्या आत जमा झालं, शीर्ष वाचलं. एप्रिलच्या तारखेला मी कोर्टात मागच्या बाकावर बसले होते. मावशीने शपथ घेतली आणि दिराचा वकील उठलाच.

"या कामाचे पैसे घेता का तुम्ही?"

"लेस," मावशी म्हणाली. "हिनाकडथीन नही. सरकारकडथीन लेस. तुम्ही कोनाकडथीन लेतस?"

कोर्टात हशा पिकला. कारकूनही हसला. दीर तेवढा हसला नाही. न्यायाधीशांनी सगळ्यांना गप्प केलं, दुभाष्याला सरकारी मानधन मिळतं अशी नोंद करून घेतली आणि वकिलाला सांगितलं, "बसा." मला उठून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

मग ती बाई साक्षीच्या पिंजऱ्यात आली. मोडलेला हात तिने दुसऱ्या हाताने धरला होता. ती हळू आवाजात पावरीत काहीतरी बोलली. मावशीने आधी तिच्याकडे नीट पाहून घेतलं, मग अहिराणीत सांगितलं.

"साहेब, ती म्हंस, गावमा माले डाकीन म्हंतस, आठे फाईलमा आखो काय काय म्हंतस. मन्हं नाव शे. पहिले ते ल्हिखा."

नाव कागदावर आधीच छापलेलं होतं. तरी न्यायाधीशांनी मान वर केली आणि तिच्याकडे बघून तिला तिचं नाव विचारलं. तिने मावशीकडे पाहिलं नाही. तिने ते स्वतः सांगितलं, मागच्या बाकापर्यंत ऐकू येईल एवढ्या मोठ्याने. त्याला दुभाषी लागला नाही.