घोडपदेवचा सकलावाला

राजरत्न गमरे लिफ्ट दुरुस्त करायचा आणि सुट्टीच्या दिवशी मासे पकडायचा. पैकी लिफ्ट दुरुस्त व्हायच्या.

घोडपदेवच्या चाळीत वाढलेला हा माणूस शाळेत असल्यापासून भाऊच्या धक्क्याच्या आसपास नायलॉनची तंगूस पाण्यात सोडून बसत आलेला. गळाला काय लागायचं? शिंगाळा. फार तर दुसरा शिंगाळा. त्याची आई कौसल्या पिशवीत डोकावून म्हणायची, "रत्ना, ह्या शिंगाळ्यांनी तुला भाऊ मानलाय रे. दर रविवारी भेटायला येतात."

पन्नाशी जवळ आली तसं राजरत्नने सकला पकडायचं मनावर घेतलं. सकला म्हणजे काय चीज! मांडीएवढा जाड, काळपट तपकिरी, डोकं चपटं, अंगावर लांबच्या लांब पांढरा पट्टा. आणि त्यासाठी खोल दर्यात जायला नको, किनाऱ्यापासून हाकेच्या नाही तरी नजरेच्या अंतरावर तो सापडतो. राजरत्नने मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून सगळी विद्या पाठ केली. सकल्याला सावली आवडते, म्हणून तो बोयाखाली, म्हणजे साखळीने बांधलेल्या तरंगत्या खुणेखाली, खांबाशी, तरंगत्या ओंडक्याखाली रेंगाळतो. पंख्यासारखं चपटं पाकट वाळू उकरत निघालं की हा त्याच्या मागे असतो, उठलेले खेकडे मटकवायला. एक गळाला लागला की सोबतचा दुसरा बघायला येतो, म्हणून पहिल्याला पाण्यातच ठेवायचं. आणि सगळ्यात मोठा नियम, तो पुरता दमल्याशिवाय होडीत घ्यायचा नाही.

ही विद्या तो भेटेल त्याला सांगायचा. लिफ्टमध्ये अडकलेल्यांना तर हटकून, कारण त्यांना कुठे जाता यायचं नाही. "घाबरू नका, धीर धरा," असं बाहेरून सांगता सांगता तो बोयापर्यंत पोचायचा. प्रभादेवीच्या एका सोसायटीतले शामराव शेवटी आतून ओरडले होते, "अहो गमरे, आधी मला वर ओढा, मग सकल्याला!"

गेल्या हिवाळ्यात योग आला. वरळी कोळीवाड्यातल्या स्वप्नीलकडे फायबरची होडी होती. त्याच्या मावशीच्या बिल्डिंगची लिफ्ट राजरत्न बघायचा, त्यातून ओळख. स्वप्नीलने त्याला बोयापाशी नेलं. तासभर काही झालं नाही. मग एक काळं, चपट्या डोक्याचं लांबलचक काहीतरी संथपणे होडीला लागून आलं आणि राजरत्नकडे बघत राहिलं.

"मुशी! मुशी आली!" शार्कला हाकलावं तसं राजरत्नने वल्हं उचलून धाडकन पाण्यावर आपटलं. ते काळं काहीतरी क्षणात गेलं.

स्वप्नीलने त्याच्या हातातून वल्हं काढून घेतलं. मग म्हणाला, "राजाभाऊ, सकला होता तो. आपणहून भेटायला आला होता."

ही बातमी राजरत्नच्या आधी घरी पोचली. त्याची बायको दीपिका लालबागच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ताचे नमुने घ्यायची. हात असा हलका, की लहान पोरंही तिच्यापुढे दंड उघडा करायची. ती वर्षभर कोणी दारात आलं की विचारायची, "अहो, पाहुणा आलाय. वल्हं देऊ?" राजरत्न हसायचा, पण रात्री कूस बदलताना त्याला ते चपटं डोकं आणि ते बघणं आठवायचं.

यंदा फेब्रुवारीत तो पुन्हा निघाला तेव्हा दीपिका म्हणाली, "मी पण येते. निदान मासा ओळखायला कोणीतरी असू दे."

उजाडता उजाडता तिघं निघाले. राजरत्नकडे नवा रॉड, बादलीत जिवंत छोटे बांगडे. दीपिकाकडे थालीपीठांचा डबा. तिचाही वेळ जावा म्हणून स्वप्नीलने तिला जाड तंगूस आणि गळाला लावलेला खेकडा दिला. बोयापासून जरा लांबच त्याने इंजिन बंद केलं, म्हणजे होडी प्रवाहाबरोबर आवाज न करता सरकेल.

ऊन चढलं. राजरत्न कुजबुजत सावलीचं शास्त्र समजावत होता. दीपिका पाण्याकडे बघत होती.

"अहो," ती मध्येच म्हणाली, "ते पाकट ना?"

चादर झटकावी तसं एक मोठं पाकट तळाशी सरकत होतं. त्याच्या मागे दोन काळ्या सावल्या. 'मु' राजरत्नच्या ओठांवर आलाच होता, तो त्याने गिळला. घाईघाईने त्याने बांगडा फेकला, तो स्वप्नीलच्या टोपीला अडकला.

"राजाभाऊ, मी नाय, तो!" स्वप्नीलने टोपी सोडवली.

दुसरी फेक बरोबर पडली. सावल्यांच्या डोक्यावर नाही, चार हात पुढे. एक सावली वळली. रॉड वाकला आणि रीळ किंचाळायला लागलं. सकल्याने थेट बोयाच्या साखळीकडे धाव घेतली. स्वप्नीलने इंजिन चालू करून होडी मागे घेतली, राजरत्न दात आवळून मागे रेलला, आणि मासा उघड्या पाण्याकडे वळला. पुढे बराच वेळ कोण कोणाला ओढतंय ते कळत नव्हतं. शेवटी तो पांढरा पट्टा होडीलगत चमकला. मागोमाग दुसरा सकलाही वर आला, पहिल्याहून मोठा.

"थांब, आत नको! दुसरा आलाय!" राजरत्नने पाठ केलेलं सगळं त्या क्षणी त्याला आठवलं. "दीपिका, खेकडा सोड!"

तिने सोडला. मोठ्या सकल्याने तो मुकाट गिळला. दीपिकाने ओढणी हाताला गुंडाळली आणि पाय रोवले.

इथवर सगळं नियमाने चाललं होतं. पण बायकोचा मासा आपल्यापेक्षा मोठा आहे हे राजरत्नला दिसलं, आणि त्याचं डोकं फिरलं.

"स्वप्नील, माझा घे आत!"

"दमला नाय अजून तो."

"घे म्हणतो ना!"

स्वप्नीलने लोखंडी आकडा घातला आणि मासा आत घेतला. पुढे जे झालं त्याला पकडणं म्हणत नाहीत. पहिल्या फटक्यात बादली पाण्यात गेली, दुसऱ्यात थालीपीठं उडाली, तिसरा राजरत्नच्या नडगीवर बसला. तो कळवळून रॉडवरच पडला, रॉड मोडला. आकडा केव्हाच निसटला होता. सकला काठावरून उसळला, तंगूस तुटली आणि तो समुद्रात परत गेला.

दीपिका दोन्ही पाय फळीवर घेऊन बसली होती. हातातली तंगूस तिने सोडली नव्हती.

"माझा घ्यायचाय," तिने विचारलं, "की असाच फिरवू?"

राजरत्नला हसू आलं आणि रडूही. तो लंगडत तिच्या शेजारी जाऊन बसला. तिच्या हातातून तंगूस काढून घ्यायचा मोह त्याला झाला, पण नाही घेतली. "ढील दे," तो म्हणाला. "तो पळतोय तोवर दे. आता ओढ. हळू. शीर शोधताना सुई कशी धरतेस, तशी."

मासा आडवा होऊन तरंगायला लागला, तरी त्याने थांबायला लावलं. मग स्वप्नीलकडे बघून मान हलवली. सकला आत आला आणि निपचित पडून राहिला. राजरत्नने त्या पांढऱ्या पट्ट्यावरून बोट फिरवलं. इतकी वर्षं व्हिडिओत बघितलेलं अंग हाताला गार आणि मऊ लागलं.

टॅक्सीत परत येताना तो शब्द जुळवत होता. 'आम्ही पकडला' म्हटलं तर खोटं नव्हतं. पण दारात कौसल्याने कमरेवर हात ठेवून विचारलं, "कोणी मारला एवढा?" आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "दीपिकाने."

"वाटलंच," म्हातारी म्हणाली, आणि कोयता शोधायला आत गेली.

त्या दुपारी चाळीतल्या घराघरात सकल्याच्या तुकड्या गेल्या. राजरत्न नडगीवर बर्फ धरून बसला आणि तीन वेळा भात मागून घेतला. शेजारी विचारायचे, झुंज कशी झाली, आणि तो दीपिकाची झुंज इतक्या रंगात सांगायचा की तीही भांडी घासायची थांबून ऐकायची.

आता समुद्र निवळला की स्वप्नीलचा फोन येतो तो दीपिकाच्या मोबाइलवर. "वहिनी, रविवारी येताय ना?" मग फोन ठेवता ठेवता, "राजाभाऊंना पण आणा."