गज्या म्हणजे गजानन नव्हे

‘तितराचा आवाज काढून दाखवा बघू.’

साहेबांनी माझ्या आज्ज्याला सांगितलं. सोलापुरातलं सरकारी कार्यालय. टेबलावर चहाचे कप. आज्जा ऐंशीला टेकलेला. धुतलेलं धोतर, टोपी, अंगात सदरा. सदऱ्याला आईनं सकाळीच इस्त्री केली होती.

‘साहेब, म्या गिरणीत व्हतो,’ आज्जा म्हणाला. ‘जलमभर सुतात गेलो. तितर कवा धरला न्हाय.’

‘मग पारधी कसले तुम्ही?’

साहेब हसले. शेजारच्या टेबलावरचे दोघं हसले. मी आज्ज्याच्या मागं उभी होते. मला कुणी बस म्हणालं नव्हतं.

आज्ज्यानं एकदा माझ्याकडं बघितलं. मग खुर्चीवरनं उठला. खाली फरशीवर उकिडवा बसला. दोन्ही हात तोंडाशी नेले आणि आवाज काढला. त्याच्या बापाकडनं लहानपणी ऐकलेला, आता दम्यात अडकलेला, कसला तरी आवाज. मधेच खोकला आला. दारात शिपाई येऊन थांबला होता. एकानं मोबाईल वर धरला होता.

‘परत एकदा.’

आज्ज्यानं परत काढला.

साहेबांनी कागदावर लिहिलं. मला वाचता येत होतं. ‘पारंपरिक व्यवसायाची माहिती नाही.’

बाहेर जिन्यात आज्जा म्हणाला, ‘झालं का गं तुझं काम?’

मला बारावीनंतर नर्सिंगला जागा मिळाली होती. सरकारी कॉलेज. आमच्या वस्तीतली मी पहिलीच. जातीची पडताळणी झाली तरच ती जागा माझी, नाहीतर रद्द. बाप मी लहान असतानाच गेला. बापाकडचा जाणता माणूस म्हणजे आज्जाच. म्हणून त्याला बोलावलं होतं.

त्या दिवशी घरी आल्यावर एक गोष्ट डोक्यात बसली ती अजून निघालेली नाही. शेजारच्या कॉलनीत सायकल गेली तरी पोलिसांची गाडी पहिली आमच्या वस्तीत येते. माझ्या चुलत्याला उचलून नेलं, तेव्हा कुणी विचारलं नाही, तू पारधी कशावरनं? पुरावा दाखव? मार देताना तो पक्का पारधी होता. मी नर्सिंगची जागा मागितली, तेव्हा विचारलं.

साहेबांनी सांगितलं होतं, जुनी नोंद आणा. स्वातंत्र्याच्या आगंमागंची. घराण्यातल्या कुणाच्याही नावापुढं जात लिहिलेली असली पाहिजे.

आज्ज्याच्या शाळेच्या दाखल्यावर नुसतं ‘हिंदू’ आहे. शिकवणाऱ्या गुरुजींनी दया केली म्हणं. पुढची ओळ कोरी ठेवली, पोराला त्रास नको म्हणून. ती दया आता माझ्या गळ्याशी आली.

आज्जा एवढंच सांगायचा, की त्याच्या जन्माआधी त्याचा बाप करमाळ्याकडच्या केमच्या माळावर पालं टाकायचा आणि बार्शीच्या बाजाराला जायचा. मी एसटीनं करमाळ्याला गेले, बार्शीला गेले. जुन्या काळी गावचा कोतवाल जन्म-मृत्यू कळवायचा, त्या नोंदी तहसीलमध्ये असतात. लोक येत होते, आपल्या गावाचं नाव सांगत होते, पणज्याची नक्कल घेऊन जात होते. त्यात काही अवघड नव्हतं. गाव असलं की झालं.

‘गाव कुठलं?’ रेकॉर्डच्या खोलीतल्या बाईंनी विचारलं.

‘गाव नव्हतं. पालं होती.’

‘मग इथं कशी सापडेल नोंद?’ त्यांनी माझा अर्ज परत वाचला. जात वाचली. ‘पोलीस स्टेशनला बघा की. तुमची तिथं पक्की असणार.’

टोमणाच होता. पण खरा होता.

सोलापुरात इंग्रजांच्या वेळी तारेच्या कुंपणाची एक वसाहत होती. आमच्यासारख्या जमातींना तिच्यात कोंडायचे. गुन्हा केला म्हणून नाही. जन्माला आला म्हणून. रोज हजेरी. आज्जा त्या तारेच्या आतच जन्मला. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

मी पोलिसांकडं माहितीच्या अधिकारात त्या वसाहतीच्या नोंदींसाठी अर्ज केला. उत्तर आलं, अभिलेख उपलब्ध नाही. अपील केलं. तोवर कॉलेज सुरू झालं. माझ्या जागेवर तात्पुरता शेरा मारून मला वर्गात बसू दिलं. मुली विचारायच्या, तुझं अजून झालं नाही का गं? मी म्हणायचे, होईल.

शेवटी बोलावणं आलं. येऊन गठ्ठे बघा. धुळीनं हात काळे झाले. आणि सापडलं. वसाहतीतल्या लोकांच्या शिक्षांची नोंद. त्यात माझा पणजा. ‘गज्या वल्द सुभान्या. पारधी. गुन्हा : हजेरीस गैरहजर. सबब : बायको बाळंत, सुईण आणण्यास गेलो म्हणतो. शिक्षा : कोठडी.’ खाली अंगठा.

ते बाळ म्हणजे माझा आज्जा. दुसरं होतंच कोण? पणज्याला तो एकुलता एक. माझ्या आज्ज्याच्या जन्माची या देशात एवढीच नोंद आहे. तो जन्मला म्हणून त्याच्या बापाला कोठडीत घातलं.

नक्कल घरी आणली. आज्ज्याला वाचून दाखवली. तो भिंतीला टेकून ऐकत होता.

‘माज्या आयचं नाव हाय का?’

‘नाही. बायको म्हणून लिहिलंय.’

‘नीट बघ की.’

मी परत बघितलं. त्याला आईचं नाव माहीत होतं. सरकारला माहीत आहे का, एवढंच त्याला बघायचं होतं.

जात पडताळणी समितीसमोर सुनावणी झाली. टेबलापलीकडं तिघं, सगळे नवे. मधल्या मॅडमनी नक्कल वाचली. कडेच्या साहेबांनी मान वाकडी करून वाचली आणि म्हणाले, ‘म्हणजे आजोबांच्या आधीपासूनच रेकॉर्ड आहे तर.’ तिघांपैकी दोघं हसले.

मग मॅडम माझ्याकडं वळल्या. आवाज गोड होता. ‘तुमच्या भाषेत जरा बोलून दाखव. देवीचं एखादं गाणं येत असेल तर म्हण.’

भाषा मला येते. आज्ज्याशी मी त्याच भाषेत भांडते. देवीची गाणीही येतात. तोंड उघडलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं.

‘येतं,’ मी म्हणाले. ‘पण म्हणणार नाही.’

‘का?’

‘तुम्ही कागद मागितला. कागद दिलाय. माझ्या वर्गातल्या मुलींना कुणी गाणं म्हणायला लावलं नाही.’

‘हा चौकशीचा भाग आहे.’

‘माझ्या आज्ज्याला फरशीवर बसवून तितर केलं, तेही चौकशीत येतं का? तसं लिहून द्या.’

कुणी हसलं नाही आता.

‘मुलीला ॲटिट्यूड आहे,’ कडेचे साहेब म्हणाले. इंग्रजीत पुढं काहीतरी बोलले. फाइल मिटली.

निकाल पोस्टानं आला. दावा अवैध. कारण असं, की शाळेच्या दाखल्यावर आज्ज्याच्या वडिलांचं नाव गजानन आहे आणि वसाहतीच्या कागदावर गज्या. गज्या म्हणजेच गजानन, हे सिद्ध होत नाही.

त्याला गज्या केलं कुणी? शिपायानं केलं. लिहिणाऱ्या कारकुनानं केलं. तुच्छतेनं मोडलेलं नाव, आणि ते मोडकं आहे म्हणून आम्ही खोटे.

आज्जा चिडला. समितीवर नाही. माझ्यावर.

‘बोलली असतीस तर काय जीव जात व्हता? म्या न्हाय का खाली बसलो? कुणासाटी बसलो?’

तो माझ्याशी अजून नीट बोलत नाही. जेवायचं ताट मी नेलं तर आईला हाक मारतो.

कॉलेजनं नाव काढलं. माझ्या जागेवर दुसरी आली. मी आता अक्कलकोट रोडला शाळेचे युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात काज-बटणाला बसते. वस्तीतल्या बायका आपल्या मुलींना माझं उदाहरण देतात. शिकून काय झालं, बघा.

एका वकिलांकडं गेले. भला माणूस. म्हणाले, हायकोर्टात वर्षं जातील. त्यापेक्षा समितीकडंच नवा अर्ज करू. आजोबांचं वय लिहू, घरची परिस्थिती लिहू, सुनावणीत जे बोललीस त्याबद्दल दिलगिरीच्या दोन ओळी टाकू. सहानुभूतीनं विचार करतील.

मी म्हणाले, ‘दिलगिरी नाही. हायकोर्टाचाच अर्ज करा.’

‘तोवर तुझं शिकायचं वय निघून जाईल.’

‘जाऊ दे.’

ते मला कळतं. तोवर आज्जाही नसेल, हेही कळतं. नर्स मी होणार नाही बहुतेक. पण आम्ही खोटे आहोत असं सरकारनं सहीशिक्क्यानिशी लिहून दिलंय. ते खोडायला लावणार. मी काही सिद्ध करायचं राहिलेलं नाही. आम्ही खोटे कसे, हे आता त्यांनी सिद्ध करायचं. कागदावर. माझ्यासमोर उभं राहून.