जे पाणी मी पिणार नाही, त्याची वर्गणी

मंडळी, मुकुंदवाडीतला आमचा फ्लॅट विकतोय. आज सोसायटीचं ना हरकत पत्र आणायला गेले होते.

हस्तांतर फी लागणार हे माहीत होतं. पण सेक्रेटरी जाधवभाऊ म्हणाले, "वहिनी, नव्या बोअरची वर्गणीबी भरावी लागंल. ठराव झाला तवा घर तुमच्याच नावावर होतं."

मला रागच आला. "भाऊ, पुढच्या महिन्यात आम्ही पुण्याला लेकीकडं चाललो. ते पाणी मी पिणार पण नाय."

घर घेणारी मुलगी सोबतच होती. तिचा नवरा वाळूजला कंपनीत आहे. ती हळूच म्हणाली, "काकू, अर्धे आम्ही देतो. पण इथं पाण्याचं कसं असतं?"

मी सांगायला लागले. दुष्काळात टँकर आला की खालून कुणीतरी हाक मारायचं, आणि आम्ही साऱ्याजणी हंडे-बादल्या घेऊन धावायचो. जिला जिना चढवत नसे, तिचं पाणी आधी वर पोचायचं. तिथंच भांडलो, तिथंच मुलींची लग्नं ठरवली. लेकीकडं नळाला दिवसभर पाणी असतं, पण शेजारी कोण राहतं हे तिला माहीत नाही.

पूर्ण वर्गणी मीच भरली. म्हटलं, "भाऊ, पाणी लागलं की कळवा."

"व्हय वहिनी, पहिला फोन तुम्हालाच."

बोअर खोदायला अजून सुरुवातही नाही, तरी दुपारपासून सारखा फोन बघतेय. घर सोडून गेलेल्यांनो, तुमचा जीव तिथं कशात अडकलाय?