कणकी काढणारा हात

१४ जून २०१३. आंधळगावच्या राइस मिलमध्ये सकाळी अकरा बाया तांदळातली कणकी, म्हणजे तुटके दाणे, काढायला बसल्या. संध्याकाळी घरी परतल्या त्या दहा. अकरावी, मालनबाई, तांदळाच्या ढिगापाशीच कोसळली आणि गेली.

तिची मुलगी सरिता तेव्हा युरोपातल्या एका प्रयोगशाळेत होती. गोठवलेल्या अमोनियाच्या खड्यांतले प्रोटॉन म्हणजे इवले लोहचुंबकच. अतिशीत तापमान, प्रबळ चुंबक आणि सूक्ष्मलहरी यांच्या जोरावर ते एका दिशेला वळवायचे. मग त्या स्थिर लक्ष्यावर कणांचा झोत सोडून, काय उडते त्यावरून प्रोटॉनचे अंतरंग ओळखायचे. मात्र खड्यांत चुरा राहिला की द्रव हेलियम नीट फिरत नाही, थंडी उणी पडते आणि जुळवलेली दिशा विस्कटते. त्याच्या दोन वर्षे आधी, २०११ मध्ये, हा चुरा महिनाभर निघत नव्हता. चाळणी ठोकली की खडेच फुटत.

अशातच एका रविवारी आईचा फोन आला.

"काय करून राहिली वं?"

"कणकी काढून राहिली, माय."

"तिथंबी कणकीच? मंग एवढी शिकली कायले?" मालनबाई खोकला येईपर्यंत हसली. मग म्हणाली, "ठोकू नोको. सूप तिरपं धर, मनगट ढिलं सोड. कणकी आपसूक कडेले येते."

दुसऱ्या दिवशी नायट्रोजनच्या गार वाफेत, जाड हातमोजे घालून, सरिताने चाळणीऐवजी पत्र्याचे उथळ ताट तिरपे धरले. चुरा कडेला आला.

"माय, तुहा हात चालला! आता हे लेखात छापू," तिने फोनवर सांगितले.

"मंग माहं नाव टाकजो."

मार्गदर्शकांनी विचारले, "हे कुठे शिकलीस?"

"सवयीने जमलं," सरिता म्हणाली. नागपूरच्या वसतिगृहात 'कणकीवालीची पोर' म्हणून झालेले हसे तिच्या मनातून गेले नव्हते. आईच्या श्रमाला ज्ञान म्हणायला ती धजावली नाही. लेख छापून आला. पद्धत प्रयोगशाळेची ठरली. पुढल्या लेखात नाव घालू, असे तिने स्वतःला समजावले.

आई गेल्याचे कळून ती गावी पोचली तेव्हा आईला निरोप देऊन झाला होता. मिलमधली कलाबाई घरात, भिंतीवर टांगलेल्या आईच्या सुपाखाली बसली होती.

"मालन साऱ्या मिलले सांगे, माहं नाव विलायतेत छापलं म्हनून. दाखव बाई, कोठं हाये?"

सरिताने पिशवीतून लेख काढला. कलाबाईला वाचता येत नव्हते. तिने एका ओळीवर बोट ठेवले. "हे?"

"नाही टाकलं, मावशी."

"काहून?"

सरिताने लेखाचे शेवटचे पान उलटले.

लेखाच्या शेवटी आभाराची सतरा नावे आहेत. मालनबाईचे अजून द्यायचे राहिले आहे.