बाची सही

बाला सही शिकवली ती मीच, हे आधीच कबूल करतो. पुढं जो वैताग झाला, त्याचा पहिला मानकरीही मीच.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट. मी बदनापूरजवळच्या शाळेत मास्तर होतो. वडिलांना आम्ही बा म्हणायचो. साठी उलटली तरी बाला अंगठाच माहीत. अंगठ्यानं माणूस फसतो, असं मी वर्गात घसा फोडून सांगायचो, आणि घरात हा अंगठेबहाद्दर! एका उन्हाळ्यात पाटी घेऊन बसलो आणि त्याला त्याचं नाव लिहायला शिकवलं. वेलांटी भलतीकडंच जायची, पण नाव उमटायचं.

मग बानं उच्छाद मांडला. पिठाच्या डब्यावर सही. विहिरीच्या कठड्याला सिमेंट केलं, ते ओलं असतानाच त्यावर काडीनं सही. कुणी कसलाही कागद पुढं केला की सही. आधी मला कौतुक वाटलं, नंतर डोकं उठलं.

आणि एक दिवस तलाठ्यानं निरोप धाडला. जालन्याचा कुणी माणूस आमच्या तीन एकरांचं खरेदीखत घेऊन आलाय, त्यावर बाची सही आहे, रजिस्ट्री तेवढी बाकी आहे. आमचं सगळं शेत म्हणजे ते तीन एकर.

घरी येऊन विचारलं, तर बा खुशीत.

"आल्ता एक जन. आधी जयभीम घातला, मंग म्हनला, सरकार म्हाताऱ्यांना पेन्शन देऊन राह्यलंय. माझी सही बघून म्हनला, बिलकुल साहेबावानी हाय."

"कागदावर काय लिव्हलं होतं?"

"कोराच व्हता."

"आन् तुमी सही केली? वाचून बघायचं न्हाई का आधी?"

"कोऱ्यावर काय वाचू? आन् तू सही शिकवली. वाचायला कधी शिकवलं?"

माझं टाळकंच फिरलं. "अडानी ते अडानीच!" मी ओरडलो. आई चुलीपुढून उठून आली, तरी माझं तोंड बंद होईना. बा उठून गोठ्यात गेला.

वाट तलाठ्यानंच सुचवली. जुन्या सगळ्या कागदांवर बाचा अंगठा होता. मला सही येत नाही, ही माझी नव्हे, असा जबाब बानं द्यायचा, म्हणजे पुढचं सगळं अडेल. पण बा ऐकेल तर ना! "माझीच सही हाय, न्हाई कशी म्हनू?" एवढंच धरून बसला. मी हात जोडले, चिडलो, पुन्हा हात जोडले. दोन दिवस यातच गेले.

तिसऱ्या दिवशी चावडीत जबाब लिहून झाला आणि तलाठ्यानं सवयीनं पेन पुढं केलं. बाचा हात पेनाकडं गेला आणि मध्येच थांबला.

"साहेब, मी अडानी मानूस," बा म्हणाला. बोलताना बघत होता माझ्याकडं. "सही कुठली येती मला? शाई आना."

शेत वाचलं. तो जालन्याचा माणूस पुन्हा फिरकला नाही. घरी येऊन मी पाटी काढली, म्हटलं, बा, आता वाचायला शिकवतो.

"राहू दे, मास्तर," बा म्हणाला.

विहिरीच्या कठड्यावरची सही तेवढी राहिली. पाणी शेंदताना बा बादली नेमकी तिच्यावरच ठेवायचा.